आपला फटका आपल्याला दिसत नाही



पन्नाशी ओलांडली की डॉक्टर चालण्याचा सल्ला देतात. व्यापारी माणसाला मात्र नुसते चालणे जमत नाही. चालण्यालाही काही हिशेब लागतो. माझ्या वाट्याला तो हिशेब गोल्फच्या रूपाने आला. १८ होलांचा पूर्ण फेरा पायी केला तर सात-आठ किलोमीटरची चाल सहज होते, प्रत्येक फटका मोजून मांडावा लागतो आणि दिवसाअखेर बेरीज समोर येते. खतावणीची सवय असलेल्या मनाला हा खेळ का रुचतो, हे मला पहिल्याच महिन्यात उमगले. घरच्यांचा आग्रह एवढाच होता, की हातात चामड्याचा मोजा नको. कृत्रिम कापडाचा मोजा बाजारात सहज मिळतो आणि घामाच्या दिवसांतही तो काही उणा पडत नाही. तेव्हा ती अडचणही मिटली.

चार वर्षे मी नेमाने खेळलो. या चार वर्षांत एक गोष्ट मात्र हटली नाही. ड्रायव्हर हाती घेतला, की चेंडू आरंभी सरळ, किंबहुना थोडा डावीकडे निघे आणि मग कोणी बोलावल्यासारखा उजवीकडे वळून झाडांत जाई. गोल्फमध्ये याला ‘स्लाइस’ म्हणतात आणि नवशिक्यांचा हा सर्वांत जुना विकार आहे. त्यावर माझा उपाय साधा होता: चेंडू उजवीकडे जातो ना, मग आपण डावीकडे नेम धरावा. नेम जसजसा डावीकडे नेला, तसतसा चेंडू अधिक जोराने उजवीकडे वळू लागला. तोट्याच्या मालावर सूट वाढवीत जावे आणि तोटा वाढला की नवल करावे, तसा हा प्रकार होता.

आणि सल्ले? त्यांना तोटा नव्हता. एक स्नेही म्हणत, “तुम्ही डोके वर उचलता.” दुसरे म्हणत, “घाई करता.” तिसरे म्हणत, “क्लबच बदला.” मी क्लबही बदलला. नव्या क्लबाने चेंडू अधिक लांबच्या झाडांत जाऊ लागला, इतकाच फरक पडला. मनातून माझी खात्री होती, की माझा स्विंग मुळात चांगला आहे. दूरदर्शनवर मोठे खेळाडू पाहतो, अगदी तसाच तो मला आतून वाटे. क्लब डौलाने मागे जातो, कमर फिरते, हात सुटतात, आणखी काय हवे?

एका रविवारी सकाळी धाकटा मुलगा माझ्याबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर आला. शिक्षण संपवून तो नुकताच पेढीवर बसू लागला होता आणि हौसेने क्लबही हाताळू लागला होता. त्याने माझ्या पाच-सहा फटक्यांचे मोबाइलवर चित्रण केले आणि पडदा माझ्यापुढे धरला. पाहिले, ते ओळखता येईना. पडद्यावरचा गृहस्थ क्लब वर नेऊन क्षणभरही न थांबता खांद्यांनी पुढे झेपावत होता. हात चेंडूच्या दिशेने बाहेर फेकले जात होते आणि फटका झाल्यावर तोल सावरण्यासाठी त्याला एक पाऊल टाकावे लागत होते. माझा पहिला उद्गार आजही मला लाजवतो. मी म्हणालो, “तू कॅमेरा वाकडा धरला आहेस.”

गंमत अशी, की तो खरोखरच वाकडा होता. स्विंगचे चित्रण करण्याची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर चित्रही खोटी साक्ष देते. त्या दिवशी आम्ही ही रीत चुकतमाकत शिकलो. ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी ती येथे नीट सांगतो.

चित्रणाच्या जागा दोन. पहिली जागा खेळाडूच्या मागे, लक्ष्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस. येथून क्लब कोणत्या मार्गाने मागे जातो आणि कोणत्या मार्गाने परत येतो, ते दिसते. दुसरी जागा खेळाडूच्या समोर, छातीसमोर काटकोनात. येथून वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर कसे जाते, डोके किती सरकते आणि चेंडू पायांच्या मध्ये नेमका कोठे ठेवला आहे, हे कळते. दोन्ही ठिकाणी मोबाइल तीन-चार मीटर अंतरावर, साधारण हातांच्या उंचीवर आणि तिपाईवर स्थिर असावा. हातात धरलेला नको. मागून चित्रण करताना कॅमेऱ्याची रेषा लक्ष्यरेषेला समांतर आणि हातांच्या सरळीत हवी. तो हातभर जरी इकडेतिकडे सरकला, तरी बाहेरून येणारा क्लब आतून आल्यासारखा दिसू शकतो आणि आतून येणारा बाहेरून. म्हणून जमिनीवर दोन काठ्या आडव्या ठेवाव्यात, एक पायांच्या बोटांशी आणि एक कॅमेऱ्याच्या रोखात. पुढल्या वेळीही तीच मांडणी ठेवावी. नाहीतर मागील महिन्याच्या चित्राशी या महिन्याच्या चित्राची तुलना करता येत नाही. वजनकाटा रोज वेगळा असेल, तर मालाची घट-वाढ कळणार कशी?

आता वेगाचा विचार. क्लब मागे नेण्यापासून चेंडूला लागेपर्यंतचा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात आटोपतो. त्यातला वरून खाली येण्याचा भाग जेमतेम पाव सेकंदाचा. मोबाइलचे साधे चित्रण सेकंदाला ३० चित्रे घेते, म्हणजे या पाव सेकंदात आपल्या हाती फक्त सात-आठ चित्रे येतात. बहुतेक नव्या मोबाइलमध्ये संथगती चित्रणाची सोय असते. ते सेकंदाला २४० चित्रांवर ठेवले, तर त्याच पाव सेकंदाची ६० चित्रे मिळतात आणि एकेक चित्र पुढे सरकवीत पाहता येते. यासाठी प्रकाश भरपूर हवा. सकाळचे स्वच्छ ऊन उत्तम.

तरीही कॅमेऱ्याला सर्व दिसते, असे समजू नये. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. २४० चित्रांच्या गतीतही तो क्षण दोन चित्रांच्या फटीत निसटून जाऊ शकतो. शिवाय मोबाइलचा कॅमेरा संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही, ओळीओळीने टिपतो. त्यामुळे वेगात असलेला क्लबचा दांडा धनुष्यासारखा वाकलेला दिसतो. दांडा थोडा वाकतो हे खरे, पण पडद्यावर दिसतो तितका नाही. माझ्या एका स्नेह्यांनी हे पाहून दांडा सदोष असल्याची तक्रार करण्याची तयारी चालवली होती!

स्पर्शाच्या क्षणाची साक्ष चेंडू स्वतः देतो. चेंडू सुटताना कोणत्या दिशेला निघतो, हे मुख्यतः त्या क्षणी क्लबचे तोंड कोठे वळलेले आहे त्यावर ठरते. पुढे तो हवेत कोणत्या बाजूला वळतो, हे क्लबचे तोंड आणि क्लबचा मार्ग यांच्यातील फरकावर ठरते. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत येत असेल आणि तोंड त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडे असेल, तर चेंडू उजवीकडे वळणारच. हे समजले, तेव्हा माझी चार वर्षांची चूकही समजली. मी जितका डावीकडे नेम धरीत होतो, तितका क्लबचा मार्ग डावीकडे जात होता. तोंड मात्र जवळजवळ जागच्या जागी राहत होते. फरक मीच वाढवीत होतो आणि वळणही मीच वाढवीत होतो.

मोबाइल योग्य जागी ठेवून आम्ही पुन्हा चित्रण केले. दोष तोच निघाला. कॅमेऱ्याच्या वाकडेपणाचा आधारही गेला. आमच्यासोबत नेहमी येणारे कॅडी, ज्यांना सारे ‘मामा’ म्हणतात, बाजूला उभे राहून पाहत होते. मी त्यांना विचारले, “मामा, तुम्हांला हे पूर्वीपासून दिसत होतं?”

“दिसत होतं की शेठ. पहिल्या पावसाळ्यापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

मामांनी टॉवेलने क्लब पुसला आणि म्हणाले, “तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

त्या उत्तरावर मला बोलता आले नाही. चार वर्षे हा माणूस माझी पिशवी वाहत होता आणि प्रत्येक रविवारी झाडांतून माझे चेंडू शोधून आणीत होता. औषध माझ्यापासून दोन हातांवर उभे होते. मी त्याला फक्त अंतर विचारीत होतो.

येथे खेळाच्या नियमांचा एक भाग सांगण्याजोगा आहे. गोल्फच्या नियमावलीतील दहावा नियम सल्ल्यासंबंधी आहे. स्पर्धेतील फेरा चालू असताना खेळाडूला प्रतिस्पर्ध्याकडून फटक्याविषयी सल्ला मागता येत नाही आणि त्याला देताही येत नाही. तसे केल्यास स्ट्रोक प्लेमध्ये दोन फटक्यांचा दंड बसतो आणि मॅच प्लेमध्ये तो होल गमवावा लागतो. सल्ला विचारण्याची मोकळीक असते ती आपल्या कॅडीला आणि जोडीने खेळत असल्यास आपल्या जोडीदाराला. या नियमामागील शहाणपण मला फार मोलाचे वाटते. खेळ चालू असताना प्रत्येकाने प्रत्येकाला शिकवू नये. आणि ज्याला विचारायचे, तो माणूस आपल्या बाजूचा असावा. रविवारी हसतखेळत चालणाऱ्या फेऱ्यात हा नियम कोणी लावीत नाही, पण तेथेही तो मनाशी पाळला तर अनेक मैत्री टिकतील.

मग विचारावे कोणाला आणि कसे? माझ्या अनुभवातून तीन गोष्टी सांगतो. पहिली: ‘माझा स्विंग कसा वाटतो?’ असे विचारू नये. अशा प्रश्नाला माणूस एकतर स्तुती करतो किंवा दहा दोष काढतो. प्रश्न नेमका असावा: ‘वरून खाली येताना माझे हात चेंडूकडे बाहेर जातात का, एवढेच पाहा.’ दुसरी: चित्र दाखवताना फक्त चुकलेले फटके दाखवू नयेत. बरे पाच आणि वाईट पाच असे दोन्ही दाखवावेत. फरक कोठे आहे, ते जाणत्याला तेव्हाच कळते. तिसरी: चार जणांनी चार दोष सांगितले, तर चारही दुरुस्त करण्यास निघू नये. जो दोष दोघांनी स्वतंत्रपणे सांगितला, त्यापासून आरंभ करावा. आणि उपचार मात्र एकाच जाणत्या प्रशिक्षकाकडून घ्यावा. दोन वैद्यांची औषधे एकाच वेळी घेतल्याने रोग लवकर बरा होत नाही.

मोठ्यांनीही हेच केले आहे. जॅक निकलॉस यांनी १८ मेजर स्पर्धा जिंकल्या. हा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. लहानपणी त्यांना जॅक ग्राऊट यांनी शिकवले आणि जगज्जेते झाल्यावरही हंगामाच्या आरंभी निकलॉस त्याच गुरूकडे जाऊन पकड, उभे राहणे, नेम अशा पहिल्या धड्यांची उजळणी करीत. याउलट चेहऱ्यावरून मोल ठरवू नये, याचे उदाहरण जिम फ्युरिक यांचे. त्यांचा क्लब वर जाताना एका बाजूने जातो आणि खाली येताना वळसा घेऊन दुसऱ्याच बाजूने येतो. पाहणाऱ्याला तो स्विंग विचित्र वाटतो. पण चेंडूशी गाठ पडते त्या क्षणी सारे जागेवर असते. याच स्विंगने त्यांनी २००३ मध्ये यू.एस. ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर ५८ फटक्यांचा फेरा खेळला. त्यांचे गुरू त्यांचे वडीलच होते आणि मुलाचा स्विंग देखणा करण्याच्या नादी ते लागले नाहीत. म्हणून पडद्यावर आपला स्विंग पाहताना ‘हा अमक्यासारखा दिसतो का’ हा प्रश्न निरर्थक आहे. ‘चेंडू जेथे जातो, तेथे तो या कशामुळे जातो’ हा प्रश्न खरा.

आमच्या प्रशिक्षकांनी माझे चित्रण दोनदा पाहिले आणि दोनच गोष्टी सांगितल्या. डावा हात दांड्यावर किंचित उजवीकडे फिरवून धरावा, म्हणजे तोंड उघडे राहणार नाही. आणि चेंडूच्या थोडे मागे, पलीकडच्या बाजूस क्लबचे कापडी टोपण ठेवून फटका मारावा. क्लब बाहेरून आला तर टोपण उडेल. पहिल्या दिवशी मी त्या टोपणाला इतक्या वेळा उडवले, की मामांनी अखेर ते उचलून झटकण्याचेही सोडून दिले.

येथे एक विलक्षण गोष्ट अनुभवास आली. मला वाटे, आता आपण क्लब फारच आतून आणतो आहोत, इतका की चेंडू थेट उजवीकडच्या कुंपणावरून जाईल. चित्रात पाहावे, तर मार्ग जेमतेम दोन बोटे बदललेला! शरीराला जे वाटते आणि प्रत्यक्षात जे होते, त्यांत हे अंतर असते. जुनी सवय ही मनाला सरळ रेषा वाटते. तिच्यापासून थोडे ढळले तरी फार ढळल्यासारखे वाटते. म्हणून आरंभी अतिशयोक्ती करावी लागते आणि ती अतिशयोक्ती खरी किती, हे कॅमेऱ्याने तपासावे लागते.

पण दर फटक्यानंतर पडदा पाहणे हेही हिताचे नाही. हालचाल शिकण्याच्या शास्त्रात १९८४ पासून हा विचार मांडला गेला आहे, की प्रत्येक प्रयत्नानंतर बाहेरून दुरुस्ती मिळत राहिली, तर शिकणारा त्या दुरुस्तीच्याच आधाराने चालतो आणि आधार काढला की अडखळतो. आम्ही ठरवले, की दहा फटके चित्रणाविना, मग दोन फटके चित्रणासह. पडदा पाहण्यापूर्वी मी मुलाला सांगायचे, की मला काय वाटले. मग दोघांनी पाहायचे. हळूहळू माझे सांगणे आणि पडद्याचे सांगणे जुळू लागले. रोजमेळ आणि गल्ला जुळावा, तसा तो आनंद होता. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने सहकाऱ्यांसह १९९९ मध्ये नवशिक्यांवर गोल्फच्याच फटक्याचा प्रयोग केला होता. आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या झोक्याकडे लक्ष देणारे अधिक अचूक ठरले. म्हणून पडदा पाहताना शरीराचा विचार करावा. चेंडूपुढे उभे राहिल्यावर मात्र क्लब कोठून यायचा आहे, एवढेच ध्यानात ठेवावे.

मामांचे ते उत्तर मात्र माझ्याबरोबर पेढीवर आले. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या गिऱ्हाइकाकडे आमची मोठी उधारी बुडाली होती. बुडणार हे मला कळले तेव्हा फार उशीर झाला होता. त्या सोमवारी मी मुनीमजींना विचारले, “मुनीमजी, त्या खात्याची शंका तुम्हांला कधी आली होती?” ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “सहा महिने आधी. एकदा विषय काढला होता, शेठजी. तुम्ही म्हणालात, तीस वर्षांचा संबंध आहे, त्यांच्याबद्दल बोलू नका. म्हणून पुन्हा बोललो नाही.” मला ते आठवतही नव्हते. माझ्या आठवणीत तर मी सर्वांचे ऐकून घेणारा मालक होतो, जसा माझ्या आठवणीत माझा स्विंग डौलदार होता.

पेढीवर कॅमेरा लावून हे दिसत नाही. तेथे विचारावेच लागते. नेमके विचारावे लागते आणि उत्तर आले की ‘तू वाकडा धरला आहेस’ म्हणण्याचा मोह आवरावा लागतो. आता महिन्यातून एकदा, वसुलीचा कागद समोर ठेवून, मी मुनीमजींना एकच प्रश्न विचारतो: या यादीतले कोणते नाव तुम्हांला खटकते? पहिल्या महिन्यात ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्यांनी एका नावावर बोट ठेवले.

माझा चेंडू अजूनही उजवीकडे वळतो, पण आता झाडांपर्यंत जात नाही. फेअरवेच्या कडेला थांबतो. एवढ्यासाठी आठ महिने लागले. मामांना मी दर फेऱ्याच्या शेवटी विचारतो आणि ते आता संकोच न करता सांगतात, कधीकधी गरजेपेक्षा जास्त.

गेल्या रविवारी मुलगा म्हणाला, “पप्पा, आज माझं चित्रण करा.” मी तिपाई लावली, काठ्या मांडल्या, दोन बाजूंनी फटके टिपले. पडद्यावर पाहिले, तर क्लब वर गेल्यावर तीच घाई, खांद्यांची तीच झेप. चार वर्षे मी घरच्या अंगणात जे करून दाखवीत होतो, ते त्याने तंतोतंत उचलले होते. माझ्या जिभेवर सहा सूचना एकदम आल्या. मी त्या गिळल्या आणि पडदा त्याला दाखवण्यापूर्वी विचारले, “तुला काय वाटलं, ते आधी सांग.”

तो विचार करू लागला. मी थांबलो.